लिफ्टच्या सूचनेपासून लॉगबुकपर्यंत : एका मुद्रितशोधन सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

लिफ्टच्या देखभालीच्या धंद्यात मला एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली नऊ हातात पाना घेऊन गेली, पुढची दहा कागदांत. आमची पंधरा माणसांची कंपनी आहे. सूचना, देखभालीचे करार, सर्व्हिस रिपोर्टचे नमुने, तक्रारींना दिलेली उत्तरं असं जे काही मराठीत बाहेर जातं, ते गेली तीन वर्षं आम्ही एका मुद्रितशोधन सेवेकडून तपासून घेतो. त्याआधी प्रूफं तपासणं हे पुस्तकवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय, अशीच माझी समजूत होती. ती कशी गेली ते आधी सांगतो, नाहीतर पैसे देऊन हे काम का करून घ्यावं ते कळणार नाही.

एका सात मजली इमारतीत लिफ्टचं मोठं काम सोमवारी ठरलं होतं. तशी सूचनाही लावून झाली होती. एक भाग वेळेवर आला नाही म्हणून काम मंगळवारवर गेलं. मी दुसऱ्या साइटवर उभ्या उभ्या मोबाइलवर नवी सूचना टाइप केली आणि ऑफिसला पाठवली. त्यांनी ती छापून प्रत्येक मजल्यावर चिकटवली. ओळ अशी होती : ‘लिफ्ट सोमवारी नाहीतर मंगळवारी दुरुस्तीसाठी बंद राहील.’

मला म्हणायचं होतं, ‘सोमवारी नाही, तर मंगळवारी’. मी लिहिलं त्याचा अर्थ निघाला, ‘सोमवारी, आणि तेव्हा नाही जमलं तर मंगळवारी’. ‘नाही’ आणि ‘तर’ जोडले गेले, मधला स्वल्पविराम राहिला, आणि पक्का वार होता तिथे अंदाज उरला.

सहाव्या मजल्यावरच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. पहिली सूचना वाचून घरच्यांनी त्यांची दवाखान्याची सोमवारची वेळ बदलून मंगळवारची घेतली होती. दुसरी सूचनाही त्यांनी नीट वाचली. तिच्यात सोमवार होताच, म्हणून त्यांनी काही बदललं नाही. सोमवारी संध्याकाळी लिफ्ट चालू दिसली, तेव्हा काम उरकलं असं त्यांनी धरलं. मंगळवारी सकाळी नऊ वाजता आजोबा कपडे करून दारात आले आणि लिफ्टला आमचं कुलूप. माझ्या चार माणसांनी त्यांना खुर्चीत बसवून सहा मजले उतरवलं आणि दुपारी तसंच वर नेलं. आजोबा एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांच्या सुनेनं मोबाइलमधला सूचनेचा फोटो माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “दादा, यात मंगळवार नक्की असं कुठे लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा.” मी वाचलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

सूचना वाचणाऱ्याच्या शेजारी मी उभा नसतो. ‘म्हणजे नक्की काय हो?’ असं तो कागदाला विचारू शकत नाही. हे मला त्या दिवशी जिन्यात उभं असताना कळलं, आणि आठवडाभरात मी माणूस शोधायला लागलो.

एका ओळखीच्या छापखान्यानं या सेवेचा पत्ता दिला. सेवा म्हणजे तीन माणसं. मुख्य शोधक बाईंनी पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकं आणि वर्तमानपत्रांची पानं तपासलेली आहेत. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो. त्यांच्या हाताखाली दोघं आहेत. नाव देऊ नका असं त्यांनीच सांगितलंय, आहे तेवढंच काम तिघांना पुरतं. रीत साधी आहे. आपण वर्डची फाइल पाठवायची, दोन दिवसांत ती खुणांसकट परत येते. सोबत एक वेगळं पान येतं, त्याला त्या शंकापत्रक म्हणतात. माझ्या मते या सेवेत विकत घेण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे हे पान. फाइलमध्ये चुका दुरुस्त केलेल्या असतात, आणि जिथे वाक्याचे दोन अर्थ निघतात तिथे त्या हात न लावता शंकापत्रकात विचारतात : तुम्हाला कोणता अर्थ हवाय?

पहिल्या खेपेला मी नऊ सूचना आणि चार पानी करार पाठवला. परत आला तेव्हा पहिली खूण सगळ्यात वरच होती. आमच्या प्रत्येक सूचनेच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘सुचना’ छापलेलं असायचं. बारा वर्षं. शेजारी मॅडमनी लिहिलं होतं : ‘सूचना. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, सू दीर्घ. सुचणे हे क्रियापद वेगळं.’ पुढे ‘दिलगिर’चं दिलगीर, ‘नियमीत’चं नियमित, ‘विजपुरवठा’चं वीजपुरवठा. पण ‘विजेचा’ मात्र त्यांनी ह्रस्वच ठेवला होता. मला वाटलं ही त्यांची गफलत, म्हणून फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, “वीज, गरीब, सून, तरतूद हे मराठी वळणाचे शब्द. प्रत्यय लागायला शब्दाचं सामान्यरूप झालं की शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ह्रस्व होतं. विजेचा, गरिबाला, सुनेनं, तरतुदीनुसार. वीजपुरवठा हा समास, तिथे प्रत्यय लागलेला नाही, म्हणून वी दीर्घच. आणि शरीर, गीत हे संस्कृतातले, ते शरीराला, गीताला असे दीर्घच राहतात.” दोन मिनिटांचा फोन. शाळेत दहा वर्षांत जे मला ‘पाठ करा’ म्हणून सांगितलं गेलं होतं, त्याला काही कारण आहे हे पहिल्यांदाच समजलं.

तसंच ‘महत्वाचे’चं. पानाच्या कडेला नुसतं ‘महत् + त्व’ लिहिलेलं होतं. एक त महत्-मधला, दुसरा त्व-मधला, म्हणून महत्त्व. आणि नेतृत्वात एकच, कारण नेतृ-मध्ये त जोडायला उरलेला नाही. त्यानंतर माझ्याकडून हा शब्द चुकलेला नाही. त्यांचा आधार कुठला हेही मी विचारून घेतलं, कारण करारावर सही माझी असते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, तेव्हा ते १४ होते. १९७२ मध्ये आणखी ४ आले. या १८ नियमांवर त्या चालतात. त्यामुळे कुठल्याही खुणेवर ‘हे का?’ विचारलं तर नियम सांगता येतो.

पण ह्रस्वदीर्घापाशी मला फार थांबायचं नाही. ‘दिलगिर’ लिहिल्यानं कोणाला जिना उतरावा लागत नाही. वाचणाऱ्याच्या मनात तेवढी एक खूण होते, की ही माणसं बघून काम करत नाहीत. आमच्या धंद्यात ती खूण परवडत नाही, कारण लोक जीव आमच्या दोरावर सोपवतात. ज्याला सूचनेचं पहिलं अक्षर नीट दिसलं नाही, त्याला ब्रेकमधली फट दिसली असेल का, असं कोणी मनात म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही.

खरं मोल शंकापत्रकात निघालं. करारात वर्षानुवर्षं एक वाक्य होतं : ‘वार्षिक शुल्कात तपासणी, वंगण, सफाई, किरकोळ भागांची दुरुस्ती किंवा बदल समाविष्ट आहे.’ मॅडमनी विचारलं होतं : ‘बदल कशाचा? “भागांची” हे दुरुस्तीशी जुळतं, दुरुस्ती स्त्रीलिंगी. बदल पुल्लिंगी, त्याला “भागांचा” लागेल. म्हणजे व्याकरणानं “किरकोळ भाग” फक्त दुरुस्तीपुरते आहेत आणि “बदल” मोकळा सुटलाय. उद्या कोणी म्हणालं की मोटर बदलणंही शुल्कात आहे, तर?’

मी ते पान हातात घेऊन बराच वेळ बसलो. हा करार आम्ही पन्नासच्या वर ठिकाणी केलेला होता. कोणी भांडलं नव्हतं, हे आमचं नशीब. नवीन मसुद्यात ते वाक्य दोन झालं, आणि किरकोळ भाग म्हणजे कोणते त्यांची यादी खाली आली. फोनवर मॅडमनी अमेरिकेतल्या मेन राज्यातला खटला सांगितला. जादा कामाचा भत्ता कोणत्या कामांना मिळणार नाही याची तिथल्या कायद्यात यादी होती, आणि यादीच्या शेवटी पाठवणीसाठी ‘बांधणी किंवा वितरण’ अशा अर्थाचे शब्द होते. ‘किंवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे गाडीचालक म्हणाले, वगळलंय ते पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधण्याचं काम, आम्ही माल बांधत नाही, नुसता पोचवतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचा मुद्दा मान्य केला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. आमचं वाक्य आणि ते वाक्य, दोन्हींत दुखणं एकच होतं. यादीतलं शेवटचं काम कोणाला बांधलंय ते कळत नव्हतं.

दुसरा प्रसंग लॉगबुकाचा. खरं तर लॉगबुक तपासणं या सेवेत येत नाही. तंत्रज्ञ मशीनरूममध्ये हातानं लिहितो, ते कोण तपासणार? पण सर्व्हिस रिपोर्टचा नमुना बनवताना मॅडमनी भरलेल्या पानांचे फोटो मागितले. माणसं प्रत्यक्ष काय लिहितात ते पाहिल्याशिवाय रकाने कसे आखायचे, असं त्यांचं म्हणणं. मी वीसेक फोटो पाठवले. शंकापत्रकात एकच प्रश्न आला : ‘पान ७, “रोप बदल”. बदलला की बदलावा?’

लिफ्टची केबिन ज्या वायर रोपवर लटकते त्याबद्दलची ही नोंद. ‘बदलला’ म्हणजे काम झालं. ‘बदलावा’ म्हणजे झिजलाय, धोका आहे, लवकर या. लिहिणाऱ्यानं घाईत प्रत्यय टाकलाच नव्हता. मी त्या साइटवर फोन केला. लिहिणारा मुलगा म्हणाला, “साहेब, बदलायला पाहिजे असं लिहिलंय की.” त्याच्यानंतर पुढच्या महिन्यात गेलेला म्हणाला, “बदललाय असंच वाचलं मी, म्हणून नुसतं वंगण करून आलो.” दोघंही चांगले कारागीर आहेत. रोप अजून मर्यादेत होता, आम्ही तो त्याच आठवड्यात बदलला, काही झालं नाही. पण एक महिना ती लिफ्ट एका अर्धवट क्रियापदावर चालली होती.

नव्या नमुन्यात मॅडमनी ‘केले’ आणि ‘करायचे आहे’ असे दोन वेगळे रकाने पाडले, आणि तळाला एक ओळ टाकली : ‘क्रियापद पूर्ण लिहावे.’ आमच्याकडचा सगळ्यात जुना तंत्रज्ञ सातवीपर्यंत शिकलेला आहे. त्याच्या नोंदीत ह्रस्वदीर्घ कसंही असतं आणि मी त्यावर त्याला आजवर एक शब्द बोललेलो नाही, बोलणारही नाही. पण क्रियापद तो पूर्ण लिहितो. ‘रोप तपासला. झीज दिसली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचा.’ यात ‘दिसली’च्या वेलांटीचं काय झालं याच्याशी मला घेणं नाही, कोणी वाचलं तरी अर्थ एकच निघतो. ऑफिसात बसून कंपनीच्या नावानं पत्र लिहिणाऱ्याला मात्र मी वेगळा नियम लावतो. लिहिणं हेच त्याचं काम आहे.

नोंद करताना एक अक्षर चुकलं तर काय होतं याचं ब्रिटनमधलं उदाहरण मी आता नव्या माणसांना सांगतो. तिथे कंपन्यांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या कंपनीज हाउसनं २००९ मध्ये ‘टेलर अँड सन’ नावाची कंपनी बंद करण्याचा आदेश ‘टेलर अँड सन्स’ या दुसऱ्याच, चालत्या कंपनीच्या नावावर चढवला. शेवटच्या एका अक्षराचा फरक. काही दिवसांत नोंद दुरुस्त झाली, पण तोवर पुरवठादारांपर्यंत आणि कर्ज देणाऱ्यांपर्यंत बातमी गेली होती. उधारी थांबली आणि शंभर वर्षांहून जुनी कंपनी बुडाली. २०१५ मध्ये न्यायालयानं कंपनीज हाउसला जबाबदार धरलं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. कॉम्प्युटरमध्ये मराठी शुद्धलेखन तपासनीस आहे, तो फुकट आहे, मग माणसाला पैसे कशाला? मी ती जुनी मंगळवारची सूचना मुद्दाम त्यात टाकून पाहिली. एकही लाल रेघ आली नाही. येणारही नाही, कारण ‘नाहीतर’ हा शब्द बरोबरच आहे. ‘बदलला’ही बरोबर, ‘बदलावा’ही बरोबर. ‘दिन’ही बरोबर आणि ‘दीन’ही, मग कार्यक्रम कामगार दिनाचा असो की दीनांचा. यादीतला शब्द दिसला की यंत्र पुढे जातं. उलट ‘लिफ्टमधल्यांनासुद्धा’खाली मात्र लाल रेघ आली. मराठीत एका नामाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं एकापुढे एक लागत जातात, त्यांची सगळी रूपं यादीत बसवणं अवघड. बरोबर शब्दांखालीच इतक्या रेघा येतात की आठवड्याभरात डोळा त्या बघेनासा होतो, आणि मग खरी चूकही त्यांच्यातून निसटते.

वाक्य नव्यानं लिहून देणारी नवी साधनंही ऑफिसातल्या मुलीनं वापरून पाहिली. त्यातल्या एकानं आमची सूचना फार सफाईदार करून दिली : ‘लिफ्ट सोमवारी किंवा मंगळवारी बंद राहील.’ वाक्य शुद्ध. आजोबा पुन्हा जिन्यातच. वार पक्का आहे का, असं त्यानं विचारलं नाही. मी यंत्र बंद केलेलं नाही. फाइल मॅडमकडे जाण्याआधी आम्ही तपासनीस चालवतो, टायपिंगच्या साध्या चुका त्यात निघतात आणि त्यांचा वेळ वाचतो. पण सही करण्याआधी मला शंकापत्रक लागतं.

तक्रारी आहेत, त्याही सांगतो. पहिली वेळेची. कमीत कमी दोन दिवस, रविवारी काम नाही. लिफ्ट काही सांगून बंद पडत नाही, तातडीची सूचना अर्ध्या तासात लागते. सुरुवातीचे सहा महिने यावर आमची रोज ओढाताण व्हायची. शेवटी त्यांनीच तोड काढली. आमच्या कामात लागू शकतील अशा चौदा सूचना आधीच तयार करून दिल्या. तारीख, वार आणि वेळ यांच्यापुरत्या जागा मोकळ्या, आम्ही फक्त त्या भरायच्या. ‘काम सोमवारी होणार नाही. काम मंगळवारी होईल.’ अशी दोन सुटी वाक्यं. इतकं सोपं होतं ते. हे पहिल्याच महिन्यात सुचायला हवं होतं, त्यांनाही आणि आम्हालाही.

दुसरी तक्रार शब्दांची. पहिल्या फायलीत प्रत्येक ‘लिफ्ट’चं त्यांनी ‘उद्वाहन’ केलं होतं. मी ठाम नकार दिला. इमारतीतलं लहान मूलही लिफ्ट म्हणतं. अडकलेला माणूस फोनवर ‘उद्वाहनात अडकलोय’ म्हणणार नाही, आणि दारावर ‘उद्वाहन बंद आहे’ वाचून कोणी क्षणभर थबकला तर तो क्षण आम्ही फुकट घालवला. दोन खेपा वाद झाला, मग त्यांना पटलं. ‘कर्मचारीवर्ग’चं ‘कर्मचारिवर्ग’ही असंच. नियम त्यांच्या बाजूनं असेल, पण आमच्या रहिवाशांना ती छपाईची चूक वाटली असती. शेवटी दोघांनी मिळून ‘कर्मचारी’ एवढंच ठेवलं. शब्दाचा हट्ट असणाऱ्या माणसाकडून काम करून घ्यायचं तर आपलंही म्हणणं मांडायची तयारी हवी. मुकाट्यानं सगळ्या खुणा मान्य करत जाल तर कागद शुद्ध होईल, पण तुमचा राहणार नाही.

तिसरी तक्रार हिशेबाची. आकार शब्दांवर आहे, आणि आधी तपासलेला, न बदललेला मजकूरही दर वेळी मोजला जातो. करार दर वर्षी तोच असतो, दोन कलमं बदलतात. यावर तोडगा निघालेला नाही. आता आम्ही बदललेली कलमं तेवढीच वेगळी काढून पाठवतो. मॅडमना ते आवडत नाही, कारण आजूबाजूचं वाक्य दिसलं नाही तर शंका कशी काढायची, असं त्या म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, म्हणून दोन वर्षांतून एकदा पूर्ण करार पाठवतो.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांचा कागद वाचणारा त्यांना विचारू शकत नाही, त्यांनी. औषधाच्या पाकिटातली माहिती, यंत्राची माहितीपुस्तिका, भिंतीवरची सूचना, सही होणारा करार, हजेरीचे नियम. आपापसातल्या निरोपांसाठी गरज नाही, तिथे चुकलं तर दुसरा लगेच विचारतो. आणि घ्यायची तर पहिल्या फायलीसोबत आधी झालेल्या घोटाळ्यांची माहितीही पाठवा. आमच्या मंगळवारची गोष्ट मी त्यांना सहा महिन्यांनी सांगितली. ऐकल्यावर त्यांनी आधी तपासून दिलेल्या सगळ्या फाइल पुन्हा उघडल्या, ‘नाही तर’, ‘नाहीतर’, ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ शोधून काढले, आणि जास्तीचे पैसे न घेता एक नवं शंकापत्रक पाठवलं. त्यात अकरा प्रश्न होते. अकरावा असा : ‘“दि. ५ पर्यंत लिफ्ट बंद.” पाच तारखेला चालू की बंद?’

आम्ही आता ‘दि. ६ ला सकाळी ८ पासून लिफ्ट चालू’ असं लिहितो.